काडतूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ-वरणगावच्या पट्ट्यात ज्याचं लहानपण गेलं, त्याला काडतूस म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वर्गात वडील कुठे कामाला असं विचारलं की निम्मी पोरं "फॅक्टरीत" म्हणायची, आणि फॅक्टरी म्हटली की वरणगावची, काडतुसं बनवणारी ऑर्डनन्स फॅक्टरी; कुठली हे कुणी पुढे विचारायचं नाही. वस्तू घरच्यासारखी, म्हणून शब्दही घरचाच असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. काडी आपली, तूस आपलं, दोन्ही खळ्यातली. पुढे कळलं की या शब्दात ना काडी आहे ना तूस; तो फ्रेंच आहे, आणि त्याच्या पोटात कागद आहे. तेव्हापासून जो भेटेल त्याला हे सांगत सुटलो. लोकांनी त्यावर पुन्हा पुन्हा जे विचारलं ते खाली एकत्र केलं आहे.

काडतूस आणि गोळी एकच ना?

नाही. गोळी हा काडतुसाचा एक भाग. आजच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली छोटी स्फोटक टोपी (कारखान्यातली माणसं तिला प्रायमरच म्हणतात), पुंगळीत भरलेली दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा ओढला की एक टोचा टोपीवर आदळतो, तिची ठिणगी दारूला लागते, दारू जळून वायू होतो, आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. माणसाला लागते ती गोळी. पुंगळी मागेच राहते. म्हणून "त्याला काडतूस लागलं" हे वाक्य चूक, आणि पंचनाम्यातलं "रिकाम्या पुंगळ्या सापडल्या" हे बरोबर.

बाराबोरच्या बंदुकीचं छऱ्याचं काडतूस थोडं वेगळं असतं. त्यात एका गोळीऐवजी शिशाचे छरे असतात, आणि नळी पितळेची नसून बहुधा प्लास्टिकची असते, फक्त बूड धातूचं. जुन्या काळी ही नळी जाड कागदाची असायची. हा कागद लक्षात ठेवा.

हा शब्द फ्रेंच कसा काय?

फ्रेंचमध्ये 'कार्तूश' असा शब्द आहे. शेवटचा श आपल्या तोंडी स झाला आणि मधल्या र चा ड झाला, बाकी शब्द जवळपास जसाच्या तसा आहे. फ्रेंचांनी तो सोळाव्या शतकात इटालियनमधून घेतला. तिथे मूळ शब्द 'कार्तोच्चो', म्हणजे कागदाची गुंडाळी, कागदाची पुडी. तो 'कार्ता' म्हणजे कागद यावरून. कार्ता लॅटिन 'कार्ता'वरून, आणि लॅटिन शब्द ग्रीक 'खार्तेस'वरून. खार्तेस म्हणजे पपायरसचं पान, ज्यावर इजिप्तमध्ये आणि ग्रीसमध्ये लिहायचे.

भुसावळच्या फलाटावर वहीचं जुनं पान सुरळीसारखं गुंडाळून, खालचं टोक मुडपून, त्यात चणे-फुटाणे भरून देतात. कार्तोच्चो म्हणजे हीच पुडी. चण्यांच्या जागी दारू आणि गोळी घाला, वरचं तोंडही मुडपा, की झालं सतराव्या शतकातलं काडतूस.

पण काडतूस तर पितळेचं असतं. कागदाचा संबंध काय?

पितळेची पुंगळी अलीकडची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्यात सर्रास झाली. त्याआधी दोनेकशे वर्षं काडतूस म्हणजे कागदच.

ठासणीची बंदूक भरायची म्हणजे केवढा उपद्व्याप होता ते पाहा. शिंगातून किंवा डबीतून दारू काढायची, ती अंदाजानं किंवा मापानं नळीच्या तोंडातून आत ओतायची, वर गोळी टाकायची, ती निसटून बाहेर येऊ नये म्हणून चिंधीचा किंवा कागदाचा बोळा घालायचा, गजानं सगळं ठासायचं, मग कानापाशी (नळीच्या बुडाशी ठिणगी आत जायचं भोक असतं तिथे) चिमूटभर दारू वेगळी घालायची. वारा असला की दारू उडणार, हात थरथरत असले की माप चुकणार. कमी पडली तर गोळी पोचत नाही, जास्त झाली तर नळी फाटते.

यावर तोडगा निघाला तो अगदी वाण्याच्या दुकानातला. एका बाराला लागणारी दारू आणि एक गोळी आधीच मोजून एका कागदात बांधून ठेवायची. शिपायानं पुडी काढायची, टोक दातानं फाडायचं, थोडी दारू कानात, बाकीची नळीत, आणि उरलेला कागद गोळीसकट आत ठासायचा. म्हणजे पुडीचाच बोळा झाला. मोजायचं काम तळावर, भरायचं काम रणावर. अशा पुड्या हाताशी असल्यावर चांगला कवायती शिपाई चकमकीच्या बंदुकीतून मिनिटाला तीनदा बार काढायचा. त्या पुड्या ठेवायच्या कातडी पेटीला आपल्याकडच्या फौजेत 'तोसदान' म्हणत. हा शब्द फारसी, मूळ अर्थ शिदोरीची पिशवी. भाकरीच्या जागी काडतुसं आली, नाव तेच राहिलं.

१८५७ चं काडतूस तेच का?

तेच, कागदाचंच. एनफिल्डच्या १८५३ च्या नमुन्याची नवी रायफल कंपनीच्या फौजेत येऊ लागली होती आणि तिचं शिक्षण डमडम, अंबाला आणि सियालकोट इथल्या डेपोंमध्ये सुरू झालं होतं. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असल्यानं गोळी घट्ट बसायची. ती सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबीचं वंगण लावलेलं होतं. आणि कागद दातानं फाडायचा, हा जुना नियम. चरबी गाईची आणि डुकराची आहे अशी बातमी जानेवारी १८५७ मध्ये डमडमला फुटली आणि छावण्याछावण्यांतून पसरली. सरकारनं पुढे दातांऐवजी हातानं फाडण्याची मुभा दिली, शिपायांनी स्वतः आणलेलं वंगण लावायची परवानगी दिली, पण तोवर विश्वास उडाला होता.

एक गोष्ट शाळेत सांगत नाहीत. मेरठला २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ८५ जवानांनी जी काडतुसं हातात घ्यायला नकार दिला, ती नव्या एनफिल्डची नव्हती. ती त्यांची नेहमीची, जुन्या पद्धतीची होती. ९ मे रोजी त्यांना सगळ्यांसमोर बेड्या घातल्या, आणि १० मेला मेरठ पेटलं.

खान्देशात याच सुमारास सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचा उठाव झाला, आणि ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची मोठी लढाई झाली. काही जण उत्साहाच्या भरात तोही काडतुसांच्याच खात्यावर मांडतात. मला ते पटत नाही. सेंधव्याचा घाट राखणाऱ्या नाईकाची तक्रार त्याच्या जंगलाची, वतनाची आणि मानाची होती. चरबीचा कागद दातात धरायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

काही कोश पोर्तुगीज म्हणतात, तुम्ही फ्रेंच म्हणता. खरं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा कोश असतो.

पोर्तुगीजमध्ये 'कार्तूशु' असा उच्चार असलेला शब्द आहे आणि त्याचा अर्थही काडतूसच. तोही याच इटालियन-फ्रेंच कुळातला. मराठीत पोर्तुगीज शब्द भरपूर आहेत, चावी, पाव, बटाटा, इस्त्री, त्यामुळे आणखी एक त्यांच्याच पदरात घालणं सोपं. तिसरी वाट इंग्रजीची: खुद्द इंग्रज फौजेत अठराव्या शतकात काडतुसांच्या पेटीला 'कार्टूश बॉक्स' म्हणत. म्हणजे फ्रेंच शब्द इंग्रज सार्जंटच्या तोंडूनही आपल्या शिपायाच्या कानावर पडू शकत होता.

मी फ्रेंच पारड्यात वजन टाकतो ते दोन कारणांनी.

पहिलं ध्वनीचं. जे पोर्तुगीज शब्द कोकणाच्या किनाऱ्यावरून लवकर आले, त्यांत त्या भाषेचा जुना च आपल्याकडे च म्हणूनच टिकला. 'चावी' हे ठळक उदाहरण. काडतूस त्याच वाटेनं त्याच काळात आलं असतं तर आज आपण 'काडतूच' म्हणत असतो. शेवटी स आहे, म्हणजे ज्या तोंडातून शब्द ऐकला त्या तोंडात तो च नव्हता, श होता. पोर्तुगालच्या राजधानीकडच्या बोलीतही पुढे च चा श झाला, त्यामुळे एवढ्या पुराव्यावर कोर्टात खटला जिंकता येणार नाही, हे मान्य.

दुसरं कारण वाटेचं. शब्द एकटा येत नाही, माणसाबरोबर येतो. कागदी काडतूस ही कवायती पायदळाची वस्तू, आणि दख्खनमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यावर कवायती पायदळ म्हटलं की फ्रेंच. फ्रेंच सेनानी ब्यूसी १७५१ पासून हैदराबादेत निजामाकडे होता, आणि त्याच्या शिस्तीच्या पलटणींनी त्याच वर्षी पेशव्यांच्या फौजेला चांगलाच हात दाखवला. त्याच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला आणि १७६१ ला पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी द बॉइन याला नोकरीत घेतलं. तो सावोयचा, म्हणजे तेव्हा फ्रान्सबाहेर असलेल्या मुलखातला, पण बोली आणि कवायत फ्रेंच. त्याच्यामागून पेराँ आला. होळकरांकडे ड्युद्रनेक होता. पन्नास वर्षं मराठी मुलखातल्या शिपायाला "काडतूस फाड" हा हुकूम ज्यांच्याकडून मिळाला, ते एक तर फ्रेंच होते, नाही तर फ्रेंचांच्या हाताखाली शिकलेले होते.

१८८६ मध्ये निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात 'कारतूस' हा शब्द "शिपायांची हिंदी" म्हणून नोंदला आहे. माझ्या मते ही नोंद फ्रेंच की पोर्तुगीज या वादापेक्षा मोलाची. शब्द पंडितानं आणला नाही, व्यापाऱ्यानं आणला नाही, तो कवायतीच्या मैदानातून आला.

मग हिंदीत कारतूस आणि मराठीत काडतूस, असं का?

हिंदीनं र ठेवला, गुजरातीनं ठेवला, आपण ड केला. मला वाटतं यात काडीचा हात आहे. परका शब्द कानावर पडला की माणूस त्यात ओळखीचं काहीतरी शोधतो. काडतूस लांबोळकं, एका टोकाला स्फोटक, ठिणगी लागली की पेटणारं. काडेपेटीच्या काडीचं नाव त्याला चिकटलं नसतं तरच नवल. माझीही लहानपणी हीच समजूत होती, आणि मला ती कुणी शिकवलेली नव्हती.

खान्देशात हा शब्द कसा पोचला?

फौजांच्या पायांनी. १७५२ च्या भालकीच्या तहानं निजामाकडचा खान्देश मराठ्यांकडे आला, आणि त्या वाटाघाटीत निजामाच्या बाजूनं ब्यूसी होताच. पुढे इथली गावं पेशवे, शिंदे आणि होळकर यांच्यात वाटली गेली. बऱ्हाणपूर आणि अशीरगड ही उत्तर-दक्षिण रस्त्यावरची नाकी, त्यामुळे दिल्लीकडे जाणारी आणि तिकडून येणारी प्रत्येक फौज तापीच्या खोऱ्यातून गेली. ती जाताना ज्वारी खाऊन गेली, जनावरं घेऊन गेली, आणि शब्द टाकून गेली.

१८१८ मध्ये थाळनेरचा किल्ला पडला, इंग्रज आले. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं खान्देश भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. धनुष्यबाण आणि तोड्याच्या बंदुका हाताळणाऱ्या भिल्ल जवानांना तिथे सरकारी बंदूक आणि सरकारी काडतुसं मिळू लागली. तोवर शब्द इंग्रजीतून नव्यानं घ्यायची गरज उरली नव्हती, तो शिपायांच्या बोलीत मुरलेला होता.

गारदीसुद्धा फ्रेंच का? आणखी कोणते शब्द या वाटेनं आले?

गारदी म्हणजे 'गार्द'चा, पहाऱ्याच्या पलटणीतला माणूस. फ्रेंचांच्या कवायती पलटणींतले शिपाई म्हणून हे नाव पडलं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला आणि त्या दिवसापासून मराठीत गारदी म्हणजे मारेकरी. शब्दाची अशी अब्रू जाताना क्वचितच दिसते.

'पलटण' मध्ये बटालियन आहे की फ्रेंच 'पलोताँ', यावर जाणकारांत एकमत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांत मिसळले. 'कंपू' हा पोर्तुगीज 'कांपु' म्हणजे छावणी यावरून आला असं मानतात, पण मराठी मुलखात तो द बॉइनसारख्या युरोपियन सरदारांच्या कवायती तुकड्यांना लावत. आज बघा: लग्नाला मामाची पलटण येते, ग्रामपंचायतीत एक कंपू असतो. तोफा थंड झाल्या, शब्द संसाराला लागले. काडतूस तेवढं आपल्या मूळ धंद्यात राहिलं.

प्रिंटरची कार्ट्रिज आणि काडतूस यांचा काही संबंध?

सख्खे आहेत. फ्रेंच 'कार्तूश' इंग्रजांच्या तोंडी सोळाव्या शतकात वाकडातिकडा होत 'कार्ट्रिज' झाला. जी वस्तू आधीच मोजून, भरून, बंद करून ठेवली आहे आणि आत बसवली की कामाला लागते, तिला हे नाव चिकटत गेलं. शाईची नळी, फिल्मची डबी, व्हिडिओ गेमचा डबा.

म्हणजे एकच शब्द मराठीत दोनदा आला. अठराव्या शतकात कानानं आला, शिपायाच्या तोंडून, आणि पूर्ण मराठी होऊन बसला: काडतुसाला, काडतुसात, काडतुसांचा. विसाव्या शतकात डोळ्यांनी आला, खोक्यावर छापून, आणि अजून पाहुणाच आहे. जळगावच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात "कार्ट्रिज संपली" असं ऐकू येईल, पण "कार्ट्रिज"चं अनेकवचन करताना तोच दुकानदार अडखळतो. कार्ट्रिजा? कार्ट्रिजेस? काडतुसं म्हणताना कुणी अडखळत नाही. कार्ड, चार्ट, कार्टून आणि कार्टन हीसुद्धा याच कागदी घरातली भावंडं, आणि अरबी-फारसीतलं 'किर्तास' म्हणजे कागद हेही त्याच ग्रीक शब्दाचं लेकरू.

इजिप्तच्या राजांच्या नावांभोवतीच्या लांबट वर्तुळाला कार्टूश का म्हणतात?

१७९८ मध्ये नेपोलियन बोनापार्टची फौज इजिप्तमध्ये उतरली. देवळांच्या भिंतींवर कोरलेल्या चित्रलिपीत काही चिन्हं एका लांबट कड्यात बंद केलेली दिसली, आणि शिपायांना ती आपल्या पेटीतल्या काडतुसासारखी वाटली. त्यांनी ते नाव दिलं आणि विद्वानांनी तेच उचललं. कड्यात राजाचं नाव असतं या धाग्यावर टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही नावं जुळवत शांपोल्यॉं या फ्रेंच विद्वानानं १८२२ मध्ये ती लिपी उलगडली. म्हणजे फॅरोहांची नावं गेली दोनशे वर्षं काडतुसात ठेवलेली आहेत. आणि शब्दाचा मूळ अर्थ पपायरस, तोही इजिप्तचाच. हा शब्द फिरून घरी गेला आणि घरच्यांनी ओळखला नाही.

फ्रेंचमध्ये बंदुकीचं काडतूस स्त्रीलिंगी आणि नक्षीचं किंवा फॅरोहाचं पुल्लिंगी. मराठीनं नपुंसकलिंग देऊन तिसरी जागाही भरून टाकली.

फडतूस आणि काडतूस यांचं नातं?

फक्त यमकाचं. २०२३ च्या एप्रिलात राज्याच्या राजकारणात एकानं 'फडतूस' म्हटलं आणि दुसऱ्यानं 'काडतूस' म्हणून परतवलं, तेव्हापासून हा प्रश्न दर महिन्याला येतो. ती चकमक शाब्दिक होती. (चकमक हा शब्द तुर्की, मूळ अर्थ गारगोटी. पण तो वेगळा विषय.)

'जिवंत काडतूस' म्हणजे काय? मेलेलं असतं का?

जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा तरी "गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त" असा मथळा असतो. जिवंत म्हणजे न उडालेलं, दारू आणि टोपी शाबूत असलेलं. ही इंग्रजीची सरळ नक्कल आहे, पण इतकी रुजली आहे की आता काढता येणार नाही, आणि काढूही नये. उडालेल्या काडतुसाला मेलेलं कुणी म्हणत नाही. त्याची पुंगळी होते.

अहिराणीत काय म्हणतात?

काडतूसच. "हाई काय शे भो?" "काडतूस शे." वरणगाव-भुसावळकडे लेवा बोली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, क्रियापदं बदलतात, हा शब्द बदलत नाही.

काडतूस की काडतुस? अनेकवचन कसं लिहायचं?

एकवचन दीर्घ: काडतूस. प्रत्यय लागला की तू ऱ्हस्व: काडतुसे, काडतुसाला, काडतुसांची. मूल-मुले, फूल-फुले यांच्यासारखंच.

वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसंच होतात का?

हो, लहान शस्त्रांची. साठच्या दशकात उभा राहिलेला हा कारखाना, त्यात ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटर व्यासाची काडतुसं होतात. पहिलं इन्सास रायफलला लागतं. लहानपणी आम्ही हे आकडे पाढ्यांसारखे ऐकायचो, अर्थ न कळता.

माझी आवडती गंमत मात्र पाटीवर आहे. 'ऑर्डनन्स' हा शब्द जुन्या फ्रेंच 'ऑर्देनान्स'वरून आला, म्हणजे हुकूम, व्यवस्था. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या आणि वरणगाव 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेलं. म्युनिशन हाही शब्द फ्रेंचमधूनच आलेला. जुन्या पाटीवर फ्रेंच, नव्या पाटीवर फ्रेंच, आत होणारा माल फ्रेंच. आणि गोळीला बुलेट म्हणालात तर तीही फ्रेंच 'बुलेत', छोटा गोळा. गावातून धडधडत जाणाऱ्या बुलेट गाडीच्या नावात तर एनफिल्डही आहे, १८५७ वाल्या रायफलचं गाव.

खान्देशात रोजच्या बोलण्यात आणखी फ्रेंच शब्द आहेत का?

रेशन फ्रेंच आहे, कूपन फ्रेंच आहे (मूळ अर्थ कापलेला तुकडा), एसटीचा डेपो फ्रेंच आहे. कर्फ्यू म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये "विस्तव झाका". रात्री घंटा झाली की चुली झाकायचा हुकूम, आगी लागू नयेत म्हणून. हे सगळे इंग्रजीच्या खिशातून आले.

पण कापसाच्या मुलखात खरा मान 'जिन'चा. दिवाळीनंतर गाड्या भरून कापूस जिनात जातो, सरकी एकीकडे, रुई एकीकडे, रुईच्या गाठी बांधल्या जातात. जिन हे 'इंजिन'चं तोंडातल्या तोंडात तुटलेलं रूप, आणि दोन्ही जुन्या फ्रेंच 'आँजाँ'चे वंशज. अर्थ युक्ती, कसब, आणि मग कसबानं केलेलं यंत्र. लॅटिनमध्ये मुळाशी आहे बुद्धी. त्यामुळे शेतावरच्या विहिरीवरचं इंजिन आणि बाजारातलं जिन एकाच आईची लेकरं आहेत. कापूस विकायला गेलेल्या माणसाला भाव ऐकून ही माहिती सांगू नका, मी एकदा सांगून पाहिली आहे.

विहिरीत सुरुंग लावायच्या कांडीला काडतूस म्हणायचं का?

इंग्रजीत त्या कांडीलाही कार्ट्रिज म्हणतात, कारण तीही कागदात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली स्फोटकाची सुरळी. मराठीत कांडीच म्हणतात, आणि तेच बरं.

आजोबांच्या पेटीत जुनं काडतूस सापडलं. काय करायचं?

हा प्रश्न शब्दाचा नाही, तरी सारखा येतो. आपटू नका, तापवू नका, पोरांच्या हातात देऊ नका, पक्कडीनं गोळी उपटून आत काय आहे ते पाहू नका. काडतूस पन्नास वर्षांचं असलं तरी त्याची दारू आणि टोपी कामाची असू शकते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय दारूगोळा बाळगणं गुन्हा आहे, आणि त्यात एक काडतूसही येतं. जवळच्या पोलीस ठाण्यात आधी फोन करा, कुठे आणि कसं सापडलं ते सांगा, आणि ते म्हणतील तसं करा. खिशात घालून मोटारसायकलवर घेऊन जाऊ नका. नाकाबंदीवर "आजोबांचं आहे" हे कुणी ऐकून घेत नाही.